फिलिपिनो विज्ञान आणि गणित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः तिघांकडून येतात. विज्ञान दिनाचं प्रदर्शन लावणारे शिक्षक, दवाव किंवा मनिलाला मुलं मेडिकलला पाठवलेले पालक, आणि रत्नागिरी-देवगडचे आंबा बागायतदार. बागायतदारांच्या पत्रांचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. आता वाटत नाही. का ते प्रश्न ४ वाचून कळेल. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ येते तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फिलिपिनो शास्त्रज्ञ म्हटलं की एकही नाव डोळ्यांसमोर येत नाही. सुरुवात कुणापासून करू?

डॉ. फे देल मुंडो यांच्यापासून. जन्म मनिला, १९११, मृत्यू २०११. बालरोगतज्ज्ञ. लहानपणी मोठी बहीण अपेंडिक्सने गेली, तिला डॉक्टर व्हायचं होतं. ते धाकटीने मनावर घेतलं.

त्यांचं सर्वांत लक्षात राहणारं काम म्हणजे वीज नसलेल्या खेड्यांसाठी केलेली बाळाची पेटी. बांबूच्या दोन टोपल्या, एक लहान, एक मोठी. लहान टोपली मोठीच्या आत ठेवायची आणि दोन्हींच्या मधल्या जागेत गरम पाण्याच्या बाटल्या लावायच्या. वर प्राणवायूसाठी साधंसं छत. आतल्या टोपलीत अपुऱ्या दिवसांचं बाळ. टोपल्या कुठल्या, तर घरोघरी धुण्याचे कपडे ठेवतात त्याच.

१९५७ मध्ये त्यांनी केझोन सिटीत लहान मुलांचं रुग्णालय उभं केलं आणि पैसे कमी पडले तेव्हा राहतं घर विकलं. १९८० मध्ये त्या 'नॅशनल सायंटिस्ट' झाल्या. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

२. 'नॅशनल सायंटिस्ट' म्हणजे नेमकं काय? मॅगसेसे पुरस्कार तोच का?

नाही, दोन्ही वेगळे. 'नॅशनल सायंटिस्ट' हा फिलिपिन्स सरकारचा विज्ञानातला सर्वोच्च सन्मान, १९७६ च्या हुकमाने सुरू झालेला आणि फक्त फिलिपिनो नागरिकांसाठी. पहिला मान १९७८ मध्ये डॉ. हुआन साल्सेदो यांना मिळाला (त्यांचं काम प्रश्न ८ मध्ये). मॅगसेसे पुरस्कार मनिलात दिला जातो, पण तो साऱ्या आशियासाठी. आपल्याकडे तो चांगलाच ओळखीचा आहे: जामखेडचं आरोळे दांपत्य १९७९, बाबा आमटे १९८५, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे २००८. देल मुंडो यांना तो १९७७ मध्ये मिळाला, ज्या वर्षी इला भट्ट यांना मिळाला.

३. नावांचे उच्चार कसे करायचे? फिलिपिनो म्हणायचं की फिलिपिनी?

माणसांना फिलिपिनो, बाईला फिलिपिना, देशाला फिलिपिन्स. तीनशेहून अधिक वर्षं स्पॅनिश अंमल होता म्हणून नावं स्पॅनिश वळणाची आहेत: लोस बान्योस, हुआन, होसे. बोलताना ते स्वतःला 'पिनॉय' म्हणतात. पोस्टरवर मात्र 'फिलिपिनो'च लिहा.

४. आंब्याला हुकमी मोहोर आणणारा शास्त्रज्ञ फिलिपिनो होता, असं ऐकलं. खरं का?

खरं. नाव रामोन बार्बा, लोस बान्योसच्या कृषी महाविद्यालयातले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथले शेतकरी झाडाखाली पालापाचोळा जाळून धूर करत. एकदोन तास नव्हे, दिवसचे दिवस, मोहोर फुटेपर्यंत. धुराने मोहोर येतो हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, पण माणूस आणि जळण दोन्ही फार लागे.

बार्बांनी पोटॅशियम नायट्रेटचं एक टक्क्याचं द्रावण पानांवर फवारलं. एक टक्का म्हणजे लिटरला दहा ग्रॅम. पाठीवरच्या पंधरा लिटरच्या पंपाला दीडशे ग्रॅम. साधारण आठवडा-दीड आठवड्यात फांद्यांच्या टोकांवरचे मोहोराचे डोळे, म्हणजे कोंब, फुगू लागले. फवारणीपासून चारएक महिन्यांत फळ काढणीला येतं. त्यामुळे बागेचे भाग पाडून वेगवेगळ्या वेळी मोहोर आणता येतो आणि सगळा आंबा एकदम बाजारात आदळत नाही.

एक अट आहे आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. काडी, म्हणजे फांदीचं पालवीचं टोक, पक्व हवी. तिथले शेतकरी पान मुठीत चुरून बघतात: कडकडून मोडलं तर झाड तयार, मऊ दुमडलं तर थांबायचं. कोवळ्या पालवीवर कितीही फवारा, मोहोर येणार नाही. हे द्रावण झाडाला नवं काही शिकवत नाही. तयार होऊन थांबलेल्याला ढकलतं, इतकंच.

बार्बांनी पेटंट घेतलं, पण शेतकऱ्यांकडून त्याचे पैसे मागितले नाहीत. २०१४ मध्ये ते नॅशनल सायंटिस्ट झाले, २०२१ मध्ये गेले.

५. मग हापूसवर तेच फवारलं तर नोव्हेंबरातच मोहोर येईल का?

त्या भरवशावर राहू नका. बार्बांचे प्रयोग 'काराबाव' जातीवर झाले. ती उष्ण कटिबंधात रुळलेली, बहुभ्रूणी जात; एका बाठ्यातून एकाहून जास्त रोपं येतात. हापूस एकभ्रूणी आहे आणि त्याला मोहोरासाठी थंडीची ओढ लागते. डिसेंबरात गारवा नीट पडला नाही की देवगडात काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

म्हणूनच कोकणात वेगळा मार्ग रुळला. पावसाळ्यात बुंध्याभोवती मातीत पॅक्लोब्युट्राझोल देतात (सगळे 'कल्टार' म्हणतात ते), त्याने पालवीची वाढ आवरते आणि झाड मोहोराकडे वळतं. पोटॅशियम नायट्रेटही आपल्याकडे वापरतातच. बागायतदार ज्याला तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणतात तेच ते. पण बहुतांशी फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं असताना, गळ कमी व्हावी आणि आकार वाढावा म्हणून. द्रव्य तेच, काम दुसरं. मात्रा आणि वेळ दापोलीच्या विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच ठेवा. फिलिपिन्सच्या व्हिडिओतली कृती जशीच्या तशी उचलू नका.

६. समुद्री गोगलगायीच्या विषापासून औषध, ही गोष्ट नीट सांगाल का?

ही माझी आवडती गोष्ट आहे, त्यामुळे जरा लांबेल.

बाल्दोमेरो ओलिवेरा अमेरिकेत डीएनएवर काम करत होते. डीएनएचे तुकडे जोडणारं लायगेज हे विकर शोधण्यात त्यांचा हात होता (१९६७). मनिलाला परतले तर ते संशोधन चालवायला लागणारी यंत्रं नव्हती. यंत्रं नाहीत, पण समुद्र आहे. लहानपणी शंख-शिंपले गोळा करायचा नाद होताच. त्यांनी कोनस नावाची शंकूच्या आकाराची गोगलगाय घेतली. ती भाल्यासारखा पोकळ दात फेकून मासा टोचते. मासा जागीच लुळा पडतो. यातली एक जात माणसालाही मारते. किनाऱ्यावर असा जिवंत शंख दिसला तर खिशात घालू नये, हा फुकटचा सल्ला.

जोडीला लुर्देस क्रूझ होत्या. विष वेगळं करून उंदरांना टोचणं सुरू झालं. पुढे ओलिवेरा अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात गेले. तिथे पदवीला असलेल्या एका विद्यार्थ्याला वाटलं, पोटात टोचण्याऐवजी थेट मेंदूत टोचून बघू. आणि चित्र पालटलं. विषाच्या एका घटकाने उंदीर झोपी गेला, दुसऱ्याने अंग खाजवत सुटला, तिसऱ्याने थरथरू लागला. एकाच थेंबात डझनावारी वेगळी द्रव्यं होती आणि प्रत्येकाचं मज्जासंस्थेत ठरलेलं काम होतं.

त्यातलं एक कोनस मॅगस या जातीतलं. पंचवीस अमिनो आम्लांची छोटी साखळी. ती वेदनेचा निरोप पुढे नेणारी कॅल्शियमची एक विशिष्ट वाट बंद करते. तिचीच प्रयोगशाळेत बनवलेली प्रत म्हणजे झिकोनोटाइड, ज्याला अमेरिकेत डिसेंबर २००४ मध्ये परवानगी मिळाली. मॉर्फीनसारखी सवय लागत नाही. पण गोळी म्हणून घेता येत नाही. पंपाने थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडावं लागतं. म्हणून ते फक्त दुसऱ्या कशानेच न शमणाऱ्या दुखण्यासाठी.

क्रूझ २००६ मध्ये नॅशनल सायंटिस्ट झाल्या.

७. पण ओलिवेरा तर युटाला राहिले. मग हे यश फिलिपिन्सचं कसं?

हा प्रश्न आपणही आपल्या माणसांबद्दल विचारतो, तेव्हा उत्तर अवघड आहे हे ठाऊक असेलच. माझं मत असं: प्रश्न तिथे सुचला, शंख तिथले, पहिली काही वर्षं तिथली, क्रूझ तिथल्या. पैसा आणि यंत्रं युटाची. दोन्ही सांगावं.

सरकारलाही हे टोचत आलं आहे. बाहेर गेलेल्या शास्त्रज्ञांना परत आणण्यासाठी १९७५ पासून 'बालिक सायंटिस्ट' योजना आहे (बालिक म्हणजे परतणे) आणि २०१८ मध्ये तिला कायद्याचं बळ मिळालं.

८. केळ्याचं केचप हे विज्ञान कसं काय?

मारिया ओरोसा यांच्यामुळे. बातांगास प्रांतातल्या ताआल गावच्या. सिॲटलला औषधरसायन आणि अन्नरसायन शिकल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत अलास्काच्या मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत काम करून खर्च भागवला. परत आल्यावर ध्यास एकच होता: आयात होणाऱ्या पदार्थांना घरचा पर्याय शोधायचा. टोमॅटो महाग, केळी उदंड. म्हणून केळी, व्हिनेगर, साखर, मसाले आणि लाल रंग. कारखान्यातून ते बाजारात आणणारे वेगळे, पण मूळ प्रयोग ओरोसांचा मानला जातो. चव गोडसर असते. दवावहून सुट्टीला आलेली मुलं बाटली घेऊन येतात, घरात कुणाला आवडत नाही आणि मग मला पत्र येतं.

केचपपेक्षा त्यांचं तांदळाच्या कोंड्याचं काम मोठं. पॉलिश केलेल्या तांदळातून ब-१ जीवनसत्त्व निघून जातं आणि नुसत्या भातावर जगणाऱ्यांना बेरीबेरी होतो. आपल्याकडे आजीच्या पिढीने हातसडीचा तांदूळ सोडला तेव्हा हेच तर गेलं. ओरोसांनी कोंड्याची बिस्किटं केली. युद्धकाळात सोयाबीनची पूड बांबूच्या पोकळ काठ्यांत भरून जपान्यांच्या छावण्यांतल्या कैद्यांपर्यंत पोहोचली, तीही त्यांचीच. १३ फेब्रुवारी १९४५ रोजी, मनिलाच्या लढाईत, तोफगोळ्याच्या तुकड्याने त्या गेल्या.

युद्धानंतर हुआन साल्सेदो यांनी बातान प्रांतात जीवनसत्त्व घातलेला तांदूळ वाटून बेरीबेरीचे मृत्यू खाली आणले. कोंड्याची गोष्ट तिथे पुरी झाली.

९. एरिथ्रोमायसिन फिलिपिन्समध्ये सापडलं?

माती तिथली, औषध दुसरीकडे निघालं. इलोइलोचे डॉ. अबेलार्दो अगिलार हे एलाय लिली या अमेरिकन कंपनीत नोकरीला होते. १९४९ मध्ये त्यांनी तिथल्या मातीचे नमुने कंपनीला पाठवले. मातीतल्या एका जिवाणूपासून कंपनीच्या संशोधकांनी एरिथ्रोमायसिन वेगळं केलं. १९५२ मध्ये ते बाजारात आलं, नाव इलोटायसिन, म्हणजे इलोइलोवरून. गावाचं नाव बाटलीवर गेलं. अगिलार हिस्सा मागत राहिले, तो मिळाला नाही. १९९३ मध्ये ते वारले.

कोविडच्या काळात घराघरात आलेलं अझिथ्रोमायसिन याच एरिथ्रोमायसिनचा रेणू बदलून क्रोएशियात तयार झालं. म्हणजे आपल्या औषधांच्या डब्यातही इलोइलोची माती आहे.

१०. यश म्हणजे नेहमी शोधच का? माणसं वाचवली असं एखादं उदाहरण द्या.

पिनातुबो, १९९१. सुमारे पाचशे वर्षं शांत असलेला डोंगर. जंगलाने इतका झाकलेला की तो ज्वालामुखी आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं. २ एप्रिलला वाफेचे स्फोट झाले. उतारावर राहणाऱ्या आएता आदिवासींमध्ये काम करणारी एक नन ही खबर घेऊन फिव्होल्क्स या सरकारी ज्वालामुखी संस्थेत पोहोचली. संचालक रेमुंदो पुनोंग्बायान यांच्या माणसांनी अमेरिकन भूवैज्ञानिकांबरोबर भूकंपमापक लावले आणि इशाऱ्यांच्या एक ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या.

खरी अडचण यंत्रांची नव्हती, विश्वासाची होती. धूर दिसत नसताना गाव रिकामं करा म्हटलं तर कोण ऐकणार? मग ज्वालामुखी काय करू शकतो हे दाखवणारी एक चित्रफीत अधिकाऱ्यांना दाखवली. ती बनवणारे फ्रेंच दांपत्य मॉरिस आणि कातिया क्राफ्ट ३ जूनला जपानमध्ये उन्झेनच्या राखेत गेले. त्यानंतर १२ दिवसांनी, १५ जूनला, पिनातुबो फुटला. त्याच दिवशी वादळ धडकलं, राख पावसात भिजून जड झाली आणि छपरं कोसळून शेकडो माणसं दगावली. पण हजारो लोक आधीच हलवले गेले होते. किमान पाच हजार जीव वाचले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

११. गणितात काय? नोबेल, फील्ड्स पदक?

विज्ञानातलं नोबेल आणि गणितातलं फील्ड्स पदक अजून एकाही फिलिपिनोला मिळालेलं नाही. (पत्रकार मारिया रेसा यांचं २०२१ चं नोबेल शांततेचं आहे, प्रदर्शनात विज्ञानाखाली लावू नका, एका शाळेत लावलेलं पाहिलं आहे.)

गणितातलं ठळक नाव बिएनवेनिदो नेब्रेस यांचं. जेझुइट पाद्री, स्टॅनफर्डला गणिती तर्कशास्त्रात पीएचडी, पुढे आतेनेओ दे मनिला विद्यापीठाचे अध्यक्ष, २०११ मध्ये नॅशनल सायंटिस्ट. त्यांचा मोठा वाटा प्रमेयांत नाही. देशात गणिताचे शिक्षक आणि संशोधक घडवण्यात आहे.

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये फिलिपिन्स १९८८ पासून उतरतो. पहिलं सुवर्ण यायला २०१६ उजाडलं. हाँगकाँगला एकदम दोन सुवर्णं आली आणि देश सतराव्या क्रमांकावर गेला.

आकाशाकडे वळायचं तर रेनाबेल रेयेस. २०१० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत सत्तर हजारांवर दीर्घिकांची निरीक्षणं वापरून आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद विश्वाच्या मोठ्या अंतरांवरही लागू पडतो का ते तपासलं. पडला.

१२. पिसा चाचणीत तर फिलिपिन्स तळाला असतो. मग कौतुक कशाचं?

पिसा म्हणजे शाळकरी मुलांची वाचन, गणित आणि विज्ञानाची आंतरराष्ट्रीय चाचणी. २०१८ मध्ये ७९ देश-प्रदेशांत फिलिपिन्स वाचनात शेवटचा, गणित आणि विज्ञानात शेवटून दुसरा. यात लपवण्यासारखं काही नाही. पण आपल्याकडून हा प्रश्न जरा जपून विचारावा. भारताच्या दोन राज्यांनी २००९ ची चाचणी दिली, ती तळाशी आली आणि त्यानंतर आपण चाचणीलाच बसलो नाही. ते बसले.

शिवाय सरासरी आणि टोक या दोन वेगळ्या गोष्टी. तिथे १९६४ पासून सरकारी विज्ञान विद्यालयं चालतात, परीक्षा घेऊन मुलं निवडतात. सगळे त्यांना 'पिसाय' म्हणतात. (पिसा आणि पिसाय यांचा घोळ घालू नका.) त्यातल्याच एका शाळेच्या शिक्षिका होसेट बियो यांचं नाव एका लघुग्रहाला आहे: १३२४१ बियो. शाळेतल्या बाईंचं नाव आकाशात, हे मला कुठल्याही पदकापेक्षा भारी वाटतं.

१३. ट्यूबलाइट, चांद्रगाडी, व्हिडिओफोन, पाण्यावर चालणारी गाडी: हे सगळं फिलिपिनोंनी शोधलं असा मेसेज फिरतो. खरं किती?

एकेक घेऊ.

ट्यूबलाइट: खोटं. आगापितो फ्लोरेस यांच्या नावावरून 'फ्लोरेसंट' शब्द आला म्हणतात. तो फ्लुओराइट या खनिजावरून आला, तोही एकोणिसाव्या शतकात. दिव्याचं १९२६ चं पेटंट जर्मनीतलं, विक्री अमेरिकेत १९३८ पासून.

चांद्रगाडी: एदुआर्दो सान हुआन यांनी ती शोधली असं सांगतात. १९७१ मध्ये चंद्रावर फिरलेली गाडी बोइंग आणि जनरल मोटर्सच्या पथकांनी बनवली.

व्हिडिओफोन: अर्धवट. ग्रेगोरिओ झारा हे खरेखुरे, मोठे अभियंता. १९५५ मध्ये त्यांनी चित्र-दूरध्वनीच्या एका भागावर काम केलं. पण जर्मनीत १९३६ मध्येच चित्र दिसणारी फोनसेवा लोकांसाठी सुरू झाली होती. 'पहिला' शब्द काढा, बाकी राहू द्या.

पाण्याची गाडी: दानिएल दिंगेल यांना २००८ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. पुढे पाठवू नका.

मेसेज बनवणाऱ्याला टोपली, आंबा आणि गोगलगाय पुरेशी भारी वाटली नसावी, याचंच मला वाईट वाटतं.

१४. फे देल मुंडो हार्वर्डच्या पहिल्या विद्यार्थिनी होत्या ना?

असं सर्रास छापलेलं असतं. हार्वर्डच्या मेडिकल स्कूलने मुलींना वैद्यकीय पदवीसाठी प्रवेश द्यायला १९४५ मध्ये सुरुवात केली. देल मुंडो बोस्टनला १९३६ मध्ये गेल्या, मनिलाहून डॉक्टर होऊन, पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी. म्हणून 'हार्वर्डमध्ये शिकल्या' लिहा, 'पहिली विद्यार्थिनी' नको. बाकीचं प्रश्न १ मध्ये.

१५. आयआर-८ हा चमत्कारी तांदूळ फिलिपिनो म्हणायचा का?

पिकला तिथे, पण यश वाटून घेतलेलं. लोस बान्योसची तांदूळ संस्था १९६० पासूनची आणि आंतरराष्ट्रीय आहे, एम. एस. स्वामीनाथन १९८२ ते १९८८ तिचे महासंचालक होते. १९६६ च्या आयआर-८ चे आईबाप वाण इंडोनेशिया आणि तैवानचे, पैदासकार मुख्यतः अमेरिकन आणि तैवानी. निखळ फिलिपिनो वाण हवा असेल तर शेजारच्याच कृषी महाविद्यालयात पेद्रो एस्कुरो यांनी काढलेला सी४-६३ घ्या.

१६. होसे रिझाल शास्त्रज्ञ होते की क्रांतिकारक?

देश ज्यांना राष्ट्रनायक मानतो ते रिझाल व्यवसायाने नेत्रवैद्य. पॅरिस आणि हायडेलबर्गला शिकले, आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया स्वतः केली. १८९२ ते १८९६ दापितानला हद्दपारीत असताना प्राणी गोळा करून युरोपात पाठवत. उडता सरडा, बेडूक आणि भुंगेरा अशा तिघांना त्यांच्यावरून 'रिझाली' नाव पडलं.

१७. शाळेच्या प्रदर्शनात मुलांकडून काय करून घेता येईल?

देल मुंडो यांची टोपली (प्रश्न १). बुरुडाकडून दोन टोपल्या आणा. लहान मोठीत ठेवल्यावर सगळीकडून चार बोटं जागा उरली पाहिजे. बाळाऐवजी कोमट पाण्याची लिटरची बाटली ठेवा, झाकणातून थर्मामीटर. मधल्या फटीत गरम पाण्याच्या बाटल्या, त्यांना फडकं गुंडाळून. शेजारी तशीच एक बाटली नुसती टेबलावर. दर दहा मिनिटांनी दोन्हींचं तापमान मुलांनी फळ्यावर लिहायचं.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा बाटल्या फडक्याशिवाय लावल्या आणि एक बाजू भलतीच तापली. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, बाळ भाजेल." मग फडकी गुंडाळली आणि पाणी कधी बदलायचं यासाठी मुलांनी आपसात पाळ्या लावल्या.